शेजारी सीमेपलीकडचा, परवानगी राजधानीची

पिरेनीज पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर, सर्दान्या नावाचे एक रुंद, सपाट खोरे आहे. १६५९ च्या पिरेनीज तहाने ते फ्रान्स आणि स्पेन यांच्यात विभागले गेले आणि कातालान बोलणाऱ्या, एकमेकांशी सोयरिकी जुळवणाऱ्या गावांमधून सीमारेषा गेली. साडेतीन शतके उलटल्यावरही त्या रेषेच्या फ्रेंच बाजूला राहणाऱ्या माणसाच्या छातीत रात्री कळ आली, तर सर्व सोयींचे फ्रेंच रुग्णालय पर्पिन्यां शहरात, घाटरस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरांवर होते. हिवाळ्यात बर्फ पडले की तो रस्ताही भरवशाचा राहत नसे. उलट स्पेनच्या हद्दीतील पुइगसेर्दा हे गाव सीमेला अगदी खेटून आहे. खोऱ्याची कायम लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास. एवढ्या वस्तीसाठी दोन्ही देशांनी आपापले पूर्ण सुसज्ज रुग्णालय चालवणे परवडणारे नव्हते आणि एकानेच चालवायचे, तर दुसऱ्याच्या नागरिकांचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न होता. अखेर पुइगसेर्दा येथे दोन्ही बाजूंनी मिळून एकच रुग्णालय उभारले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ते सुरू झाले. चालवण्याच्या खर्चात कॅटलोनिया या स्पेनच्या प्रांताचा वाटा ६० टक्के, फ्रान्सचा ४० टक्के. बांधकामाचा मोठा भार युरोपीय प्रादेशिक विकास निधीने उचलला.

युरोपातील सीमापार सहकार्याविषयी बोलताना या रुग्णालयाचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो द्यावा असाच आहे. मात्र इमारत उभी राहिल्यानंतर जे घडले त्याविषयी कमी बोलले जाते. फ्रेंच आईवडिलांचे मूल इथे जन्मले की कायद्याच्या लेखी ते परदेशात जन्मलेले असते, म्हणजे त्याची फ्रेंच दप्तरी नोंद करण्यासाठी वकिलातीचा मार्ग धरावा लागे. फ्रेंच रुग्ण इथे दगावला, तर त्याचा देह काही किलोमीटरांवरच्या त्याच्या गावी नेणे ही आंतरराष्ट्रीय शववाहतूक ठरे. तिच्यासाठी मोहोरबंद शवपेटी लागे, परवाने लागत, आणि दुःखात असलेल्या कुटुंबाला हा सगळा खर्च सोसावा लागे. हा जाच कमी करण्यासाठी दोन्ही देशांच्या सरकारांना पुढे स्वतंत्र करार करावा लागला. फ्रान्समध्ये शिकलेल्या डॉक्टरला सीमेच्या या बाजूला रुग्ण तपासायचा असेल, तर आधी त्याच्या पदवीला स्पेनची मान्यता मिळायला हवी. यांपैकी एकही अडचण पुइगसेर्दाच्या किंवा शेजारच्या फ्रेंच गावांच्या नगराध्यक्षांनी निर्माण केलेली नव्हती आणि एकही अडचण त्यांना सोडवता येण्यासारखी नव्हती. तो अधिकार माद्रिद आणि पॅरिसकडे होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की, युरोपात सीमेवरच्या गावांचे सहकार्य अडते ते इच्छा नसल्यामुळे नव्हे, आणि आता तर पैशाअभावीही नव्हे. ते अडते कारण ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे अधिकार नाहीत, आणि ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांच्यावर उत्तर देण्याचे बंधन नाही. युरोपने गेल्या सात दशकांत या विषयावर भरपूर करार केले, संस्था काढल्या, निधी उभे केले. पण हे बंधन घालण्याची वेळ आली की प्रत्येक वेळी हात आखडता घेतला.

सुरुवात खालूनच झाली होती. जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या सीमेवर ग्रोनाऊ आणि एन्स्खेडे या शहरांच्या परिसरात १९५८ मध्ये ‘युरेजिओ’ ही पहिली सीमापार प्रादेशिक संघटना आकाराला आली. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. त्या भागातील स्थानिक पुढाऱ्यांनी राष्ट्रांच्या मैत्रीचा मुहूर्त न पाहता रस्ते, वस्त्रोद्योगाची घसरण आणि रोजगार या विषयांवर एकत्र बसायला सुरुवात केली. अशा धडपडींना कायद्याचा आधार मिळावा म्हणून युरोप परिषदेने २१ मे १९८० रोजी माद्रिद येथे सीमापार सहकार्याचा करारनामा सह्यांसाठी खुला केला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो अमलात आला. (युरोप परिषद ही युरोपीय महासंघाहून वेगळी आणि वयाने मोठी संस्था आहे, आपल्याकडच्या बातम्यांत दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.) या करारनाम्याने सदस्य राष्ट्रांवर आपल्या स्थानिक आणि प्रादेशिक संस्थांच्या सीमापार सहकार्याला चालना देण्याची जबाबदारी टाकली, परंतु त्याच दमात हे सहकार्य त्या संस्थांना देशांतर्गत कायद्याने दिलेल्या अधिकारांच्या चौकटीतच होईल आणि प्रत्येक देशाच्या घटनात्मक तरतुदींचा मान राखला जाईल असेही लिहून ठेवले. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने राखून ठेवले. असे करार परस्परांशी थेट करण्याचा स्थानिक संस्थांचा हक्क पंधरा वर्षांनी, १९९५ च्या पूरक करारात मान्य झाला. त्याच सुमारास फ्रान्स आणि स्पेन यांच्यात बायॉन येथे, तर १९९६ मध्ये जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड यांच्यात कार्ल्सरूहे येथे स्वतंत्र करार झाले. २००९ मध्ये उट्रेख्ट येथे तिसरा पूरक करार आला, पण त्याला फार थोड्या देशांनी मान्यता दिली. एका साध्या गोष्टीसाठी इतके कागद रंगवावे लागले, यातच तिच्यामागच्या अनिच्छेचा अंदाज येतो.

जिथे अधिकार स्पष्ट आहेत तिथे काय होऊ शकते, हे पाहायचे असेल तर स्वीडन आणि फिनलंड यांच्या उत्तर सीमेवर जावे. स्वीडनचे हापारांडा आणि फिनलंडचे तोर्नियो ही जोडशहरे एकाच नदीच्या मुखाशी वसली आहेत. दोहोंच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे, चलने वेगळी आहेत, भाषा तर दोन वेगळ्या कुळांतल्या आहेत. तरीही सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यासाठी दोन्ही शहरे १९७० च्या दशकापासून एकच प्रकल्प वापरतात आणि १९८७ पासून ‘प्रोव्हिन्सिया बोथनिएन्सिस’ या संयुक्त मंडळामार्फत आपले व्यवहार जुळवतात. त्या वेळी दोन्ही देश युरोपीय महासंघात नव्हते. ते १९९५ मध्ये आले. त्यांच्याजवळ होता तो नॉर्डिक देशांनी १९७७ मध्ये केलेला करार, ज्यामुळे सीमेपलीकडच्या नगरपालिकेशी व्यवहार करणे ही परराष्ट्र खात्याची बाब राहिली नाही. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या बेनेलक्स देशांनी १९८६ मध्ये याहूनही पुढचे पाऊल टाकले आणि स्थानिक संस्थांना सार्वजनिक कायद्याखाली संयुक्त मंडळे स्थापून त्यांच्याकडे आपले काही अधिकार सोपवण्याची मुभा दिली. बार्ले या गावात नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे आहेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात तुकडे. घराचा पुढचा दरवाजा ज्या देशात उघडतो त्या देशाचे ते घर, हा तिथला रूढ नियम. अशा गावात दोन नगराध्यक्ष आणि दोन नगरपालिका असूनही रोजचे जगणे सुरळीत चालते, याचे श्रेय रहिवाशांच्या समजूतदारपणाइतकेच त्या अधिकारांनाही द्यावे लागेल.

युरोपीय महासंघाने या प्रश्नाला हात घातला तो आधी पैशाच्या वाटेने. १९९० मध्ये ‘इंटररेग’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२१ ते २०२७ या काळासाठी त्यात सुमारे १० अब्ज युरोंची तरतूद आहे. या पैशातून चांगली कामे झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु निधीच्या या पद्धतीने एक सवयही लावली. काम म्हणजे प्रकल्प, आणि प्रकल्प म्हणजे ठरावीक मुदत, ठरावीक अहवाल आणि शेवटी निळ्या पार्श्वभूमीवर बारा ताऱ्यांचा फलक. सायकलमार्ग, पर्यटनपत्रिका, परिसंवाद यांना हा साचा मानवतो. रुग्णवाहिका, बससेवा, पाणीपुरवठा यांना मानवत नाही, कारण त्या सेवा तीन वर्षांनी संपत नाहीत आणि त्यांना पैशापेक्षा नियम जुळण्याची गरज जास्त असते. सीमेच्या दोन्ही बाजूंना संघटना आहे, तिचे कार्यालय आहे, वार्षिक सभाही होते, पण नागरिकाला त्यातून मिळालेली एकही सेवा बोटावर मोजता येत नाही, अशी उदाहरणे युरोपात कमी नाहीत. असल्या संघटनांना सहकार्य म्हणायला माझी तयारी नाही.

कायद्याच्या अंगाने महासंघाने टाकलेले खरे पाऊल २००६ सालचे. त्या वर्षीच्या नियमाने ‘युरोपीय प्रादेशिक सहकार्य गट’ ही नवी कायदेशीर व्यक्ती निर्माण केली. वेगवेगळ्या देशांतील नगरपालिका, प्रांत, प्रसंगी राष्ट्रेसुद्धा तिची सदस्य होऊ शकतात. तिला स्वतःच्या नावाने नोकरभरती करता येते, कंत्राटे देता येतात, मालमत्ता धारण करता येते. फ्रान्स आणि बेल्जियम यांच्या सीमेवर लील, कोर्त्रेइक आणि तुर्ने या शहरांभोवतीचा पहिला गट २००८ च्या जानेवारीत स्थापन झाला. आता असे ८० हून अधिक गट आहेत आणि पुइगसेर्दाचे रुग्णालयही अशाच गटामार्फत चालते. मूळ नियमानुसार सदस्य संस्थेने सहभागाची सूचना दिल्यावर तिच्या सरकारने मंजुरी द्यायची होती, आणि अनेक ठिकाणी ते घोंगडे भिजत पडले. म्हणून २०१३ च्या दुरुस्तीने असे ठरवले की सरकारने सहा महिन्यांत हरकत घेतली नाही, तर मंजुरी मिळाली असे समजावे. ज्या देशात गटाचे कार्यालय असेल त्याने मात्र स्पष्ट होकार द्यायला हवा. मौनं संमतिलक्षणम् हे तत्त्व ब्रसेल्सच्या राजपत्रात अवतरले ते असे. मला ही दुरुस्ती दिसते त्याहून बरीच महत्त्वाची वाटते, कारण तिने सार्वभौमत्वाला हात न लावता सरकारच्या गप्प बसण्याची किंमत बदलली. नकार द्यायचा तर द्या, पण तो मुदतीत द्या आणि कारण सांगून द्या.

दुर्दैव असे की हे तत्त्व फक्त गट स्थापन करण्यापुरते राहिले. गट स्थापन झाल्यावर त्याला जे काम करायचे आहे, त्याच्या आड येणाऱ्या नियमांविषयी कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या ट्रामचा मार्ग ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतील केलपर्यंत न्यायचा होता, तेव्हा पूल बांधणे हे तुलनेने सरळ काम होते. एकाच डब्याने फ्रान्सचे आणि जर्मनीचे असे दोन्ही तांत्रिक नियम पाळायचे, ही खरी डोकेदुखी होती. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये ट्राम केलला पोचली. जर्मनीतील ओडर नदीकाठचे फ्रँकफर्ट आणि पोलंडचे स्लुबित्से यांना जोडणारा पूल पायी ओलांडायला काही मिनिटे पुरतात, तरी दोन्ही शहरांना जोडणारी नियमित बससेवा सुरू व्हायला २०१२ चा डिसेंबर उजाडला, पोलंड महासंघात आल्याला आठ वर्षे झाल्यावर.

अशा अनुभवांवरून महासंघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने मे २०१८ मध्ये एक धाडसी प्रस्ताव मांडला. सीमेवरच्या एखाद्या ठरावीक सेवेपुरता, ठरावीक क्षेत्रापुरता, शेजारच्या देशाचा नियम आपल्या हद्दीत लागू करता यावा, अशी ती यंत्रणा होती. म्हणजे ट्रामच्या शेवटच्या दोन-तीन थांब्यांपुरते फ्रेंच नियम जर्मनीने मान्य करायचे. आयोगाचा आधार होता तो २०१७ च्या अभ्यासाचा. कायदेशीर आणि प्रशासकीय अडथळ्यांपैकी केवळ एक पंचमांश दूर झाले तरी सीमाभागांचे उत्पन्न २ टक्क्यांनी वाढेल आणि दहा लाखांहून अधिक रोजगार निर्माण होतील, असा त्यात अंदाज होता. असे अंदाज मी चिमूटभर मीठ घालूनच वाचतो, पण महासंघाच्या अंतर्गत सीमांलगतच्या प्रदेशांत सुमारे १५ कोटी लोक राहतात हे वास्तव त्या अंदाजावर अवलंबून नाही. सदस्य राष्ट्रांच्या मंत्रिपरिषदेत हा प्रस्ताव अडला आणि २०२१ मध्ये त्यावरचे काम थांबले. युरोपीय संसदेने आग्रह धरल्यामुळे आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये सौम्य केलेला मसुदा पुन्हा मांडला आणि २०२५ मध्ये तो ‘ब्रिज फॉर ईयू’ या नावाने मंजूर झाला. त्यात परक्या कायद्याची गोष्ट उरलेली नाही. सदस्य राष्ट्र इच्छा असेल तर समन्वय केंद्र स्थापन करील, अडथळ्याची तक्रार तिथे नोंदवता येईल आणि केंद्र तिची छाननी करून उत्तर देईल. इच्छा नसेल तर असे केंद्र स्थापन करण्याची सक्ती नाही.

काहींच्या मते काहीही नसण्यापेक्षा हे बरे, आणि तेवढे मी मान्यही करतो. परंतु ऐच्छिकतेचा दोष असा की औषध नेमके निरोग्यालाच मिळते. ज्या देशांना आपल्या सीमाभागांची काळजी आहे ते केंद्रे काढतील. त्यांची सीमा आधीच बऱ्यापैकी चालते. जिथे राजधानीला सीमेवरच्या गावाचे सोयरसुतक नाही, किंवा ज्या शेजाऱ्याशी तिचे बिनसले आहे, तिथे केंद्र निघणार नाही, आणि सर्वांत जास्त अडचण तिथेच आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कायदा हा त्या भूमीवरच्या सर्वांसाठी सारखा असावा, एका जिल्ह्यातल्या नागरिकाला शेजारच्या देशाच्या संसदेने केलेला नियम लागू व्हावा आणि त्या संसदेवर त्याचे मत चालू नये, हा लोकशाहीतील खरा पेच आहे. सहकार्य गटांच्या सभाही थेट जनतेतून निवडून येत नाहीत. शिवाय मध्य युरोपात या विषयाला इतिहासाचे ओझे आहे. ऑस्ट्रियाचा तिरोल, इटलीचा दक्षिण तिरोल आणि त्रेंतिनो यांनी एकत्र यायचे ठरवले तेव्हा रोममध्ये भुवया उंचावल्या, कारण पहिल्या महायुद्धानंतर तुटलेला जुना तिरोल पुन्हा जोडण्याची ही चाल तर नव्हे, अशी शंका होती. हंगेरी सीमापार गटांच्या बाबतीत विशेष उत्साही आहे, आणि सीमेपलीकडे मोठा हंगेरीभाषक समाज असल्यामुळे शेजाऱ्यांना तो उत्साह नेहमीच निरागस वाटत नाही. तरीही घडले काय ते पाहावे. तिरोलचा गट २०११ पासून काम करतो आहे आणि इटलीची सीमा होती तिथेच आहे. हंगेरीतील एस्तेरगोम आणि स्लोव्हाकियातील श्तुरोव्हो यांच्यामधला, १९४४ मध्ये उडवलेला डॅन्यूबवरचा पूल २००१ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि त्याने नकाशे बदलले नाहीत, माणसांची कामावर जाण्याची वाट बदलली. परक्या कायद्याची भीती रास्त मानली तरी त्यावरून फार तर एवढेच सिद्ध होते की अपवाद करण्याचा निर्णय निवडून आलेल्या राष्ट्रीय सरकारने घ्यावा. तो निर्णय न घेता फाइल दाबून ठेवण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

सीमापार सहकार्याचा पाया किती कच्चा आहे, हे २०२० च्या मार्च महिन्याने दाखवले. जर्मनीने १६ मार्चला फ्रान्सलगतची सीमा बहुतांश वाहतुकीला बंद केली, आणि केलला जाणारी ट्राम ऱ्हाईनच्या अलीकडे, फ्रेंच काठावरच थांबू लागली. त्याच आठवड्यांत फ्रान्सच्या आल्सास भागातील रुग्णालये करोनाच्या रुग्णांनी भरून वाहत होती आणि शेजारच्या जर्मन राज्यातील, बाडेन-वुर्टेम्बर्गमधील रुग्णालये त्यांतले काही रुग्ण आपल्याकडे घेत होती. थोडक्यात, अत्यवस्थ फ्रेंच माणसाला जर्मनीत प्रवेश होता, धडधाकट शेजाऱ्याला नव्हता. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, २२ जानेवारीला, फ्रान्स-जर्मनी यांचा आखेन येथे झालेला करार अमलात आला होता आणि त्यात सीमाभागांना योग्य अधिकार देण्याची, गरज पडल्यास नियमांत अपवाद करण्याची भाषा होती. इटलीचे गोरित्सिया आणि स्लोव्हेनियाचे नोव्हा गोरित्सा यांच्यामधील चौकातले कुंपण २००४ मध्ये समारंभपूर्वक हटवले होते. २०२० मध्ये त्याच चौकात पुन्हा कुंपण आले. बार्लेमध्ये तर सीमारेषेवर बसलेल्या कपड्यांच्या एका दुकानाचा बेल्जियमच्या हद्दीतील भाग बंद आणि नेदरलँड्सच्या हद्दीतील भाग उघडा, अशी अवस्था झाली. साथ रोखायला निर्बंध हवेत, याबद्दल माझा वाद नाही. परंतु हे निर्णय घेताना सीमेवरच्या नगरपालिकांना विचारावे असे कोणाला वाटले नाही, आणि विचारण्याचे बंधनही कुठे लिहिलेले नव्हते.

साथ ओसरली, पण सवय राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने स्लोव्हेनियालगत तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती चालू असतानाच गोरित्सिया-नोव्हा गोरित्सा ही जोडी २०२५ ची युरोपीय सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवली. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी लागू केली, तर जुलै २०२५ मध्ये पोलंडने जर्मनीलगत उलट तपासणी सुरू केली. त्यामागची कारणे स्थलांतराच्या राष्ट्रीय राजकारणातली आहेत, परंतु स्लुबित्सेहून रोज कामाला नदीपार जाणाऱ्याला पुलावरच्या रांगेत उभे राहावे लागते ते त्या राजकारणामुळेच.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. २०१३ मध्ये गट स्थापन करण्यासाठी मान्य झालेले तत्त्व अडथळ्यांच्या तक्रारींनाही लागू करावे: सीमेच्या दोन्ही बाजूंच्या निर्वाचित सभांनी एकच ठराव करून एखाद्या ठरावीक सेवेपुरता अपवाद मागितला, तर संबंधित सरकारांनी सहा महिन्यांत लेखी, सकारण उत्तर द्यावे, आणि न दिल्यास तो अपवाद मर्यादित काळासाठी प्रायोगिक म्हणून लागू झाला असे समजावे. सीमा बंद करण्याचा अधिकार राष्ट्राकडेच राहावा, पण रुग्णवाहिका, पाणी, सांडपाणी, अग्निशमन, शाळकरी मुले आणि रोज ये-जा करणारे कामगार यांची यादी प्रत्येक सीमाभागाने आधीच तयार ठेवावी, दोन्ही सरकारांनी तिच्यावर सह्या कराव्यात, आणि सीमा बंद झाली तरी त्या यादीतल्यांना वगळण्याचा निर्णय नव्याने घ्यावा लागू नये. २०२५ च्या नियमाखाली समन्वय केंद्र काढायचे की नाही, हे सदस्य राष्ट्रांना आता ठरवायचे आहे. जी राष्ट्रे नाही म्हणतील त्यांनी निदान आपल्या संसदेत उभे राहून त्याचे कारण सांगावे आणि त्या चर्चेला सीमेवरचे नगराध्यक्ष बोलवावेत.